बेरजेत न सापडणारे मीठ

बिस्किटांच्या पुड्याच्या मागच्या बाजूस एक चौकोनी तक्ता असतो. डावीकडे ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, शर्करा, मेद, संपृक्त मेद, सोडियम अशी नावे आणि उजवीकडे बारीक टायपातले आकडे. पुडा फोडताना बहुधा हाच भाग आधी फाटतो. हा तक्ता मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपायचा, त्यातले आकडे संगणकाकडून वाचून घ्यायचे आणि ते एका मोठ्या माहितीसाठ्यात जमा करायचे, असा उद्योग गेली काही वर्षे जगात अनेक ठिकाणी चालू आहे. मशीन लर्निंग, म्हणजे यंत्राला नियम न सांगता उदाहरणांवरून शिकवणे. या तंत्राचा लोकोपयोगी नमुना म्हणून या उद्योगाचे नाव घेतले जाते आणि 'यंत्र आता लेबल वाचू लागले' असे कौतुकही होते. ते कौतुक कितपत रास्त आहे हे पाहण्यासाठी, ज्याचे आतले कामकाज कोणालाही तपासता येते असा एक प्रकल्प येथे परीक्षणासाठी घेतला आहे.

'ओपन फूड फॅक्ट्स' हा प्रकल्प फ्रान्समध्ये २०१२ साली स्तेफान जिगांदे यांनी सुरू केला. कल्पना साधी आहे. लोकांनी दुकानातल्या वस्तूंचे बारकोड आणि वेष्टनांची छायाचित्रे पाठवायची, स्वयंसेवकांनी त्यांवरून घटकपदार्थ आणि पोषणमूल्ये नोंदवायची आणि हा सारा साठा सर्वांसाठी खुला ठेवायचा. या साठ्यात तीस लाखांहून अधिक वस्तूंच्या नोंदी झाल्या आहेत. फ्रान्सने २०१७ मध्ये 'न्यूट्री-स्कोअर' नावाची श्रेणी स्वीकारली. पोषणमूल्यांवरून प्रत्येक वस्तूला हिरव्या 'ए'पासून लाल 'ई'पर्यंत एक अक्षर मिळते. कंपनीने हे अक्षर वेष्टनावर छापलेले नसले तरी नोंदलेल्या आकड्यांवरून हा प्रकल्प ते स्वतः काढून दाखवतो. म्हणजे येथे नोंदलेला आकडा नुसता साठ्यात पडून राहत नाही. त्यावरून अक्षर ठरते आणि अक्षर पाहून कोणीतरी वस्तू उचलतो किंवा फळीवर परत ठेवतो.

छायाचित्रे येण्याचा वेग आणि माणसांनी आकडे टंकण्याचा वेग यांचा मेळ बसेना, तेव्हा २०२४ च्या सुमारास प्रकल्पाच्या चमूने हे तक्ते वाचणारी यंत्रणा तयार केली. तिचे काम दोन पायऱ्यांत चालते. या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत हे नीट लक्षात ठेवावे, कारण पुढचा बराचसा मुद्दा त्यावरच उभा आहे.

पहिल्या पायरीत छायाचित्रातली अक्षरे ओळखली जातात. त्यासाठी गूगलची तयार सेवा वापरतात. तिच्याकडून शब्दांची एक यादी मिळते आणि प्रत्येक शब्द चित्रात कोठे आहे याचे निर्देशक मिळतात, आलेखकागदावर बिंदूचे असतात तसे. पण शब्दांची यादी म्हणजे तक्ता नव्हे. समजा, यादीत 'मेद', 'त्यापैकी संपृक्त', '१४', '२.८', '६.८', '१.४' असे काही आले. यातला कोणता आकडा शंभर ग्रॅमचा आणि कोणता एका 'सर्व्हिंग'चा? संपृक्त मेद २.८ की ६.८? तक्ता डोळ्यांपुढे असला तर पाचवीतला मुलगाही सांगेल. नुसती यादी हातात दिली तर त्याच्या शिक्षकांनाही सांगता येणार नाही. 'मेद हा शब्द शोध आणि त्याच्या पुढचा आकडा उचल' अशा ठोकळेबाज नियमाने जे काम होते, ते स्तंभ दोन झाले की फसते.

म्हणून दुसरी पायरी. येथे 'लेआउटएलएम' या नावाचे प्रारूप वापरले आहे. ते मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी घडवले आणि त्याची तिसरी आवृत्ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. शब्द कोणता, तो कागदावर कोठे आहे आणि तेथे चित्र कसे दिसते, या तिन्ही गोष्टी ते एकत्र विचारात घेते. त्याला आधी असंख्य छापील कागद दाखवून, मधले शब्द झाकून, ते ओळखायला लावलेले असते. आपण 'रिकाम्या जागा भरा' घालतो, त्यातलाच प्रकार. एवढी तयारी झालेल्या प्रारूपाला मग माणसांनी हाताने खुणा केलेली पोषण-तक्त्यांची काही हजार छायाचित्रे दाखवली, की ते प्रत्येक शब्दाला चिठ्ठी लावू लागते: हा 'शंभर ग्रॅममागे मेद', हा 'सर्व्हिंगमागे मेद', हा कशातच न बसणारा. दुमडलेले वेष्टन, तिरपे छायाचित्र, फ्रेंच, जर्मन वा स्पॅनिश शब्द, काही असले तरी ओळी आणि स्तंभ यांचे नाते ते बरेचसे पकडते. ही खरी प्रगती आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. प्रारूप, शिकवणीची छायाचित्रे आणि प्रणाली सर्व काही खुले ठेवल्यामुळे कोणत्याही महाविद्यालयातला विद्यार्थी ते उघडून पाहू शकतो, हे आणखी मोठे.

(जाता जाता, जेवणाच्या ताटाचे छायाचित्र काढून त्यातल्या कॅलरी सांगणारी यंत्रेही आहेत. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये 'इमटूकॅलरीज' आणि २०२१ मध्ये 'न्यूट्रिशन-५के' अशी दोन कामे प्रसिद्ध केली. त्यांची गोष्ट वेगळी. बटाट्याच्या भाजीत तेल किती पळ्या पडले आणि मीठ किती, हे छायाचित्रात नसतेच. जे चित्रात नाही ते यंत्र कोठून वाचणार? ते अंदाज करते. वेष्टनावरचा आकडा मात्र छापलेला असतो, म्हणून येथे चूक की बरोबर असा स्पष्ट निवाडा करता येतो.)

आता त्या निवाड्याकडे वळू. अशा यंत्रांची गुणवत्ता बहुधा एका टक्केवारीत सांगितली जाते. समजा, एखादे यंत्र शंभरांपैकी ९८ आकडे बरोबर वाचते. वर्गात ९८ गुण म्हणजे पहिला नंबर. पण एका तक्त्यात आठ आकडे असतील आणि चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर आठही बरोबर येण्याची संभाव्यता ०.९८ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ०.८५. शंभरांपैकी पंधरा वेष्टनांवर कोठेतरी एक चूक! प्रत्यक्षात चुका स्वतंत्र नसतात. छायाचित्र धूसर असेल तर सगळेच आकडे बिघडतात आणि स्वच्छ असेल तर सगळेच साधतात, त्यामुळे हा हिशोब जसाच्या तसा लागू पडत नाही. तरी एका टक्केवारीवरून वेष्टनाचा अंदाज बांधू नये, एवढे यावरून कळते.

टक्केवारीत न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे चुकीचे आकारमान. मशीन लर्निंगवरच्या लेखांत 'चुकले' हा एकच शेरा असतो. १४ च्या जागी १५ वाचले तरी तोच आणि १.४ वाचले तरी तोच. वेष्टनावरच्या चुका बहुधा दुसऱ्या जातीच्या असतात, कारण दशांशचिन्ह हा तेथला सर्वांत लहान ठिपका. चुरगळलेल्या चकचकीत प्लॅस्टिकवर प्रकाशाची एक तिरीप पडली की तो नाहीसा होतो. युरोपातल्या बऱ्याच भाषांत दशांशासाठी स्वल्पविराम लिहितात आणि आपण तोच स्वल्पविराम हजारासाठी लिहितो. शिवाय ग्रॅमसाठी छापलेले इंग्रजी 'जी' आणि इंग्रजी नऊचा आकडा यांत बारीक टायपात फरक उरत नाही. ५ ग्रॅमचे ५९ व्हायला एवढे पुरते.

अशा चुका पकडायच्या कशा? त्याच वेष्टनावर याचे एक सुंदर उत्तर छापलेले असते, ते बारकोडमध्ये. बारकोडखालच्या तेरा आकड्यांपैकी शेवटचा हा पडताळणीचा आकडा असतो. पहिल्या बारा आकड्यांना डावीकडून क्रमाने १, ३, १, ३ असे गुणून बेरीज करायची. तिच्यात जेवढे मिळवले म्हणजे दहाची पट होईल, तो तेरावा आकडा. भारतातल्या कंपन्यांना मिळणारे क्रमांक ८९० ने सुरू होतात. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे घेतले तर बेरीज १३० येते, ती दहाची पट आहेच, म्हणून तेरावा आकडा शून्य. बारांपैकी कोणताही एक आकडा चुकीचा वाचला तर गणित जुळत नाही आणि दुकानातले यंत्र गप्प राहते. गल्ल्यावर दुसऱ्याच वस्तूची किंमत लागू नये म्हणून ही काळजी घेतलेली आहे. त्याच पुड्यावरच्या पोषणाच्या तक्त्याला मात्र असा पडताळणीचा आकडा कोणी दिलेला नाही.

मुद्दाम दिलेला नसला तरी निसर्गाने एक दिला आहे. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या कामातून जे गुणक रूढ झाले ते आपण शाळेत शिकवतो: एक ग्रॅम प्रथिनांपासून सुमारे ४ किलोकॅलरी, एक ग्रॅम कर्बोदकांपासून ४ आणि एक ग्रॅम मेदापासून ९. एका काल्पनिक बिस्किटाचा तक्ता घेऊ. शंभर ग्रॅममध्ये प्रथिने ७ ग्रॅम, कर्बोदके ७५ (त्यांपैकी शर्करा २५), मेद १४ (त्यापैकी संपृक्त ६.८) आणि सोडियम ३१० मिलिग्रॅम. ऊर्जा झाली २८ + ३०० + १२६, म्हणजे ४५४ किलोकॅलरी. आता यंत्राने मेद १४ ऐवजी १.४ वाचला तर बेरीज ३४१ च्या आसपास येते. छापलेली ऊर्जा ४५४, म्हणून चूक तत्काळ उघडी पडते. युरोपच्या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूल आणि किलोकॅलरी अशा दोन्ही एककांत छापणे बंधनकारक आहे. त्यांचे गुणोत्तर ४.१८ च्या जवळ असलेच पाहिजे. म्हणजे तेथे खुद्द ऊर्जेच्या आकड्यालाही साक्षीदार आहे.

येथवर सगळे छान. आता त्याच तक्त्यात शर्करा २५ ऐवजी २.५ वाचली गेली असे समजा. कर्बोदके ७५ च आहेत, बेरीज ४५४ च येते. संपृक्त मेद ६.८ ऐवजी ०.६८ वाचला. मेद १४ च आहे, बेरीज तीच. सोडियम ३१० ऐवजी ३१ झाले. मिठाला ऊर्जाच नाही, बेरजेला त्याचा पत्ताही लागत नाही. कारण उघड आहे. शर्करा हा कर्बोदकांचा भाग, संपृक्त मेद हा मेदाचा भाग आणि मीठ या हिशोबाबाहेरचे. ऊर्जेची बेरीज या तिघांच्या बाबतीत आंधळी आहे.

आणि हेच तिघे महत्त्वाचे आहेत. भारताच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये एका प्रस्तावाला मान्यता दिली. वेष्टनावर ठळक व मोठ्या टायपात कोणते आकडे छापावेत यासंबंधीचा हा प्रस्ताव होता आणि त्यातले तीन आकडे होते एकूण शर्करा, मीठ आणि संपृक्त मेद. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांच्या संदर्भात डॉक्टर ज्यांबद्दल विचारतात ते हेच. ज्या आकड्यांसाठी माणूस तक्ता पाहतो, नेमके तेच आकडे चुकले तर गणिताला पत्ता लागत नाही. या यंत्रणेचे परीक्षण करताना सगळ्या आकड्यांची सरासरी अचूकता न विचारता या तीन आकड्यांची अचूकता वेगळी विचारली पाहिजे. सरासरीत ती ऊर्जा आणि प्रथिने यांच्या आड दडते.

चुकीचा परिणाम किती होतो हे न्यूट्री-स्कोअरच्या २०१७ मधल्या मूळ सूत्राने करून पाहू (पुढे हे सूत्र सुधारले गेले). आपल्या बिस्किटाला ऊर्जेचे ५, शर्करेचे ५, संपृक्त मेदाचे ६ आणि सोडियमचे ३ असे १९ दोषगुण मिळतात. घन पदार्थांत १९ म्हणजे 'ई', सर्वांत खालची श्रेणी. शर्करा आणि संपृक्त मेद यांची दशांशचिन्हे वर सांगितल्याप्रमाणे सरकली की ११ दोषगुण उडतात आणि उरतात ८. दोषगुण ११ पेक्षा कमी झाले की प्रथिनांचे चांगले गुण वजा करायची मुभा मिळते. ते ४ वजा जाता राहिले ४, म्हणजे श्रेणी 'सी'. दोन ठिपक्यांनी 'ई'चे 'सी' झाले आणि ऊर्जेची बेरीज शेवटपर्यंत बिनचूक राहिली.

यंत्राकडे आत्मपरीक्षणाची काही सोय असते का? असते. प्रत्येक चिठ्ठीसोबत ते शून्य ते एक यांच्या दरम्यानचा एक विश्वासांक देते. पण आता त्या दोन पायऱ्या आठवा. विश्वासांक दुसऱ्या पायरीचा आहे. 'हा शब्द म्हणजे शंभर ग्रॅममागच्या संपृक्त मेदाचा आकडा आहे' याची खात्री तो सांगतो. त्या जागी ६.८ आहे की ६८, हे पहिल्या पायरीत ठरून गेलेले असते. हजेरीपटावर नाव योग्य रकान्यात आहे याची शंभर टक्के खात्री देणाऱ्या लेखनिकाला, नावाचे शुद्धलेखन बरोबर आहे का हे कोणी विचारलेलेच नसते. असा विश्वासांक छापील अचूकता म्हणून दाखवला तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

ओपन फूड फॅक्ट्सच्या चमूला हे कळत नाही असे नाही. म्हणूनच त्यांनी यंत्राचे वाचन ही 'सूचना' ठरवली आहे. सुचवलेले आकडे छायाचित्रासह माणसापुढे येतात आणि त्याने होकार दिल्यावर नोंद होते. ही या प्रकल्पाची सर्वांत चांगली बाजू. मात्र माणसाचा स्वभावही हिशोबात घ्यायला हवा. आधीच भरलेली चौकट समोर आली की आपण ती वाचत नाही, मान डोलावतो. उत्तरपत्रिका तपासताना शेजारी दुसऱ्या परीक्षकाचे गुण लिहिलेले असले तर काय होते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. त्यावर उपाय स्वस्त आहे. तिघांपैकी एक आकडा, समजा सोडियमचा, यंत्राने माणसाला दाखवूच नये. माणसाने तो छायाचित्र पाहून स्वतः टंकावा आणि मग दोन्ही जुळतात का ते पाहावे. एका आकड्याचे काम वाढेल. मान डोलावणारा कोण आणि वाचणारा कोण, हे मात्र कळेल.

सोडियमचे नाव काढले म्हणून एक वेगळीच अडचण सांगितली पाहिजे. येथे वाचन अचूक असूनही नोंद चुकू शकते. युरोपच्या तक्त्यात 'मीठ' ग्रॅममध्ये छापतात, भारत आणि अमेरिका 'सोडियम' मिलिग्रॅममध्ये. सोडियमला २.५ ने गुणले की मीठ मिळते. ८०० मिलिग्रॅम सोडियम हे मिठाच्या रकान्यात ०.८ ग्रॅम म्हणून गेले तर प्रत्यक्षातले २ ग्रॅम मीठ निम्म्याहून कमी दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, त्या मानाने ही चूक लहान नाही. 'कर्बोदके' या शब्दाचेही तसेच. अमेरिकेच्या तक्त्यात त्यांत तंतुमय पदार्थ धरलेले असतात, युरोपच्या तक्त्यात वगळलेले असतात. अमेरिकेत एका सर्व्हिंगमध्ये ट्रान्स मेद अर्ध्या ग्रॅमहून कमी असला तर कायद्याने शून्य छापता येतो. यंत्राने तो शून्य कितीही अचूक वाचला, तरी तो कायद्यातला शून्य असतो. प्रयोगशाळेत तो निघेलच असे नाही. खुद्द छापील आकड्यालाही सूट असते. युरोपीय आयोगाच्या मार्गदर्शनानुसार शंभर ग्रॅममध्ये १० ते ४० ग्रॅम मेद असेल तर वीस टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे आपल्या बिस्किटातला मेद ११.२ ते १६.८ ग्रॅम यांत कोठेही असू शकतो. हा काही वाचणाऱ्या यंत्राचा दोष नाही. पण साठ्यातली ६.८ सारखी दशांशातली नेटकी संख्या पाहून विद्यार्थ्यांची समजूत वेगळी होते, हे खरे.

एक मूलभूत प्रश्न राहतो. कंपनीकडे हे आकडे छपाईच्या आधी संगणकातच असतात. त्यांचे चित्र करायचे, ते प्लॅस्टिकवर छापायचे, मग दुसऱ्या कोणी त्याचे छायाचित्र काढायचे आणि मोठी यंत्रे लावून त्यातून पुन्हा तेच आकडे काढायचे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये सुरू केलेल्या 'फूडडेटा सेंट्रल'मध्ये छापाच्या वस्तूंची माहिती कंपन्यांकडूनच आकड्यांच्या रूपात येते. विक्रीस येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा तक्ता बारकोडसह आकड्यांत जाहीर करावा, असे बंधन कोणत्याही सरकारला घालता येईल आणि ते मशीन लर्निंगपेक्षा कितीतरी सोपे आहे. तसे झाले तरी छायाचित्रे वाया जाणार नाहीत. कंपनीने दिलेला आकडा हे कंपनीचे म्हणणे. दुकानात आलेल्या पुड्याचे छायाचित्र हा पुरावा. दोन्हींत फरक पडला तर तो दाखवून देणे हे वाचणाऱ्या यंत्राचे खरे काम ठरेल.

आपल्याकडच्या वेष्टनांवर हे यंत्र लावायचे झाले तर काय होईल? किलोज्यूलचा साक्षीदार येथे नाही, ऊर्जा फक्त किलोकॅलरीत असते. पण २०२० च्या भारतीय लेबल नियमांनी दुसरा एक स्तंभ दिला आहे, तो म्हणजे रोजच्या गरजेच्या प्रमाणात एका सर्व्हिंगचा वाटा, टक्क्यांत. त्यासाठी दिवसाला २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम मेद, २२ ग्रॅम संपृक्त मेद, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम हे आधार धरतात. आता आपले बिस्किट पुन्हा घ्या, सर्व्हिंग २० ग्रॅमचे माना. सोडियम ६२ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ३ टक्के. संपृक्त मेद १.३६ ग्रॅम, म्हणजे सुमारे ६ टक्के. यंत्राने सोडियम ३१० ऐवजी ३१ वाचले तर वाटा ०.३ टक्के यायला हवा. वेष्टनावर तर ३ छापले आहे! ऊर्जेच्या बेरजेत न सापडलेले मीठ येथे सापडते. संपृक्त मेदही सापडतो. एकूण शर्करेला स्वतःचा टक्का नाही, पण तिच्याखाली वरून घातलेल्या साखरेचा आकडा असतो. तो एकूण शर्करेपेक्षा मोठा दिसला की काहीतरी चुकले हे नक्की.

ग्राहक ज्या स्तंभाकडे सर्वांत कमी पाहतो तोच बारकोडच्या तेराव्या आकड्याचे काम करतो, हे गमतीचे आहे. ओपन फूड फॅक्ट्सच्या यंत्राची वर्गवारी युरोपीय तक्ता डोळ्यांपुढे ठेवून केलेली दिसते. तीत शंभर ग्रॅममागे आणि सर्व्हिंगमागे असे दोन स्तंभ आहेत. टक्क्यांचा स्तंभ तिच्या दृष्टीने अडगळ. भारतीय वेष्टनांसाठी कोणी हे काम पुढे नेणार असेल, आणि खुल्या साधनांमुळे अभियांत्रिकीचे विद्यार्थीही ते करू शकतील, तर या अडगळीपासून सुरुवात करावी. दुसरे काम भाषेचे. नियमाप्रमाणे वेष्टनावरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असली की पुरते. मराठी ऐच्छिक आहे. पुडा कॅमेऱ्यासमोर धरला की 'शंभर ग्रॅममध्ये मीठ पाऊण ग्रॅम, साखर पाच चमचे' असे मराठीत वाचून सांगणारे यंत्र, इंग्रजी न येणाऱ्या आजीला आणि अंध व्यक्तीला फ्रान्सच्या कोणत्याही अक्षर-श्रेणीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

शिक्षकांना यासाठी यंत्राची वाट पाहायची गरज नाही. मुलांनी आठवडाभर रिकामी वेष्टने आणावीत. प्रत्येक तक्त्यावर आधी ऊर्जेची बेरीज करावी, मग सोडियमवरून मीठ काढावे, मग टक्क्यांचा स्तंभ जुळतो का पाहावे. नंतर एकाने तक्ता वाचताना मुद्दाम एका आकड्याचे दशांशचिन्ह सरकवावे आणि दुसऱ्याने वेष्टन न पाहता चूक शोधून काढावी. शर्करा किंवा सोडियम निवडणारा बहुतेक वेळा जिंकेल, पण टक्क्यांचा स्तंभ वाचून दाखवायचा नियम घातला की हरू लागेल. आठवी-नववीच्या वर्गाला हा खेळ सहज जमेल.

गोळा झालेल्या ढिगात काही वेष्टने अशीही निघतील की ज्यांवर तक्ताच नाही. पृष्ठफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक नसेल तर पोषणमूल्ये छापण्यापासून नियमात सूट आहे. ती माहिती बाहेरच्या मोठ्या पाकिटावर दिली की झाले. शाळेसमोरच्या दुकानात मोठे पाकीट फोडून सुटी विकली जाणारी, रुपया-दोन रुपयांची पुडी मुलाच्या हातात येते तेव्हा तिच्या पाठीवर कॅमेऱ्याला वाचण्यासारखे काही नसते. अशी वेष्टने वेगळी काढून मोजावीत आणि त्यांपैकी किती खारट पदार्थांची आहेत तेही मुलांना लिहायला सांगावे.